सेगिदियाची बुलेरीआ होताना: 'कार्मेन' ऑपेरा, साउराचा चित्रपट आणि बारा ठोक्यांचा हिशेब

कोरा_रंगमंच

कार्लोस साउराच्या १९८३च्या 'कार्मेन'मधला तो प्रसंग आठवा. टेपरेकॉर्डरवर बिझेच्या ऑपेरातली सेगिदिया, म्हणजे कार्मेनचं एक गाणं, चालू आहे, 'कार्मेन'वर नाच बसवणारा आंतोनियो गादेस ऐकतोय, आणि पाको दे लुसिया गिटारवर तीच चाल बुलेरीआच्या, म्हणजे स्पेनच्या फ्लामेंकोतल्या एका वेगवान प्रकाराच्या, अंगाने वाजवायला घेतो. थोड्याच वेळात चाल ओळखीचीही राहते आणि परकीही होते. सेगिदिया तिनाची, बुलेरीआ बाराची, म्हणजे तिनाच्याच पटीतली. मग बदललं नेमकं काय? नुसती लय चढवली असती तर भागलं नसतं का?

दुसरं म्हणजे चित्रपटातला कार्मेनचा नवरा आणि ती काठ्यांची झुंज. ऑपेरात हे दोन्ही नाही. साउराच्या डोक्यातून निघालं की आणखी कुठून आलं? आणि ऑपेरातली मिकाएला कुठे गेली?

विचारण्यामागे व्यवहारही आहे. याच धर्तीवर बारा मिनिटांचा नृत्यपट करायचा घाट घातलाय. आठ नर्तक, एक गिटार, एक गायिका, पाल्मास म्हणजे टाळ्या द्यायला दोघे, कॅमेरे दोन. ऑपेराचं जुनं ध्वनिमुद्रण आणि गिटार, दोन्ही वापरायचंय. सुरुवात हाबानेराने, म्हणजे ऑपेरातल्या कार्मेनच्या दुसऱ्या गाजलेल्या गाण्याने, करावी असं चाललंय, कारण बिझेची सगळ्यात स्पॅनिश चाल तीच आणि सगळ्यांच्या कानांवरून गेलेली. कुठे पाय घसरेल ते आधीच सांगा.

बारा_मात्रा

लय चढवून भागलं नसतं. पळणारी सेगिदिया झाली असती, बुलेरीआ नाही.

सेगिदिया ३/८ मध्ये लिहिली आहे. चार मापं घेतली की बारा ठोके, इथवर तुमचा हिशेब बरोबर. पण बिझेचं वजन ३-३-३-३ असं पडतं आणि बुलेरीआचं ३-३-२-२-२ असं. मोजायला सुरुवात बारापासून करा, पाल्मासवाले तशीच करतात:

१२ १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११

बुलेरीआचं वजन १२, ३, ६, ८ आणि १० वर. १२, ३ आणि ६ वर दोघांचं भांडण नाही. बिझेचं चौथं माप मात्र ९ वर सुरू होतं, आणि कोम्पासमध्ये, म्हणजे त्या बाराच्या आवर्तनात, ९ वर काहीच नाही. वजन ८ वर येऊन गेलेलं असतं आणि १० वर पुन्हा यायचं असतं. म्हणजे दर आवर्तनात एक सूर असा निघतो ज्याला पाय टेकायला जागा नाही. गिटारवाला त्याचं तीनांपैकी एक काहीतरी करतो: ८ वर ओढून घेतो, १० पर्यंत ताणतो, नाहीतर सरळ गाळतो. चाल अडखळून सावरल्यासारखी वाटते ती यामुळे. ओळखीची वाटते कारण अर्धं आवर्तन जसंच्या तसं आहे.

आपल्या कानाची अडचण वेगळीच. एकतालही बारा मात्रांचा, पण तो दोन-दोनाच्या सहा विभागांचा, आणि तिहाई घेऊन यायचं ते समेवर, पहिल्या मात्रेवर. बुलेरीआत वाक्य १० वर मिटतं, ११ मोकळी, १२ वर नवी उचल. समेची सवय असलेला माणूस झोकात १ वर येऊन थांबतो, तोवर बाकीचे १० वर मिटवून पुढच्या आवर्तनात गेलेले असतात. तालमीचे पहिले दिवस यातच जातात, ते धरून चाला.

काम असं करा. गायिकेला सुरुवातीला गाऊ देऊ नका. दोघांनी पाल्मास मिनिटाला १२० ठोक्यांवर धरायचे आणि तिने शब्द नुसते बोलायचे, सूर न लावता. ९ वर कुठलं अक्षर येतं ते कागदावर गोल करा. प्रत्येक गोलापुढे 'ओढा', 'ताणा' किंवा 'गाळा' असं लिहून टाका. हे ठरलं की मगच सूर, आणि सूर बसले की मगच लय. बुलेरीआ सर्वसाधारणपणे मिनिटाला २०० ते २४० ठोक्यांवर चालते. २२० धरलं तर एक आवर्तन सव्वातीन सेकंदांत संपतं. एवढ्या वेळात विचार करून काही होत नाही, म्हणून तो कागद आधी. (सगळी बारा मिनिटं बुलेरीआत घालवायचा मोह टाळा. तो हिशेब २२० आवर्तनांचा होतो. नाचणारे टिकतील, ऐकणारे टिकणार नाहीत.)

आता सुरांचं. इथे चुका जास्त होतात आणि लक्षात कमी येतात. सेगिदिया बी मायनरमध्ये आहे. बी मायनर, ए, जी, एफ-शार्प मेजर अशी उतरण वाजवली की अंदालुसियन वळण तयार होतं. गिटारवर दुसऱ्या पडद्यावर सेहिया म्हणजे कापो लावून ई मेजरच्या आकारात वाजवा, हाताला सोपं जातं. गंमत अशी की पाश्चात्त्य कानाला तो शेवटचा एफ-शार्प म्हणजे उंबरा; तो वाजला की बी मायनरच्या घरात शिरायचं. फ्लामेंकोत तोच उंबरा म्हणजे घर. तिथेच बसायचं. एफ-शार्पला सा धरलं तर स्वर भैरवी थाटाचे, फक्त घरी पोचताना गंधार शुद्ध होतो. गायिका शास्त्रीय पाश्चात्त्य वळणाची असेल तर ती प्रत्येक ओळीअखेर नकळत बी मायनरकडे सरकणार आणि गिटार एफ-शार्पवर थांबलेली असणार. दोघंही बरोबर, आणि ऐकायला भयंकर. ओळीचा शेवटचा सूर आधी ठरवून घ्या, बाकीचं आपोआप जुळतं.

हाबानेराबद्दल: ती २/४ मध्ये आहे, तिला बारात कोंबू नका. आणि तिची चाल अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खाली उतरते, कोमल-शुद्ध सगळे एकामागून एक. अशा उतरणीखाली वर सांगितलेलं वळण बसत नाही. गिटारला उभं राहायला स्वरच उरत नाही.

पडदा_आणि_पाऊल

गोष्टीचं मी सांगतो.

नवरा साउराचा नाही, मेरिमेचा आहे. प्रॉस्पेर मेरिमेची मूळ कथा १८४५ची. तिच्यात कार्मेनला गार्सिया नावाचा एकाक्ष नवरा आहे. तो तुरुंगातून सुटून टोळीत येतो, पत्ते खेळताना होसे, म्हणजे कार्मेनपायी टोळीत आलेला शिपाई, त्याच्यावर लबाडीचा आरोप करतो, आणि प्रकरण सुऱ्यांवर जातं. १८७५मध्ये पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकसाठी आंरी मेयाक आणि ल्युदोविक आलेवी यांनी संहिता लिहिली तेव्हा हा नवरा गेला. ते कुटुंबानं येऊन बसायचं नाट्यगृह होतं. तिथे नायिका मरते हेच मुळी फार झालं. तोल सावरायला त्यांनी मिकाएला घडवली: गावाकडची, आईचं पत्र घेऊन येणारी.

गादेस आणि साउरा यांनी आवाज ऑपेराकडून घेतला आणि गोष्ट कथेकडून. म्हणून त्यांच्या चित्रपटात नवरा परत येतो, तोही तुरुंगातूनच. पत्ते तेच, फक्त सुरीच्या जागी काठी. फ्लामेंकोत काठी हे हत्यार नंतर आणि वाद्य आधी. जमिनीवर आपटली की तो ठोका कोम्पासमध्येच पडतो. त्यामुळे मारामारी तालाबाहेर न जाता होऊ शकते. सुरीला हे जमलं नसतं, सुरी मुकी असते.

मिकाएलाची जागा कुणीच भरत नाही, आणि ते बरं झालं. क्रिस्तीना ओयोसची भूमिका वरवर तिच्यासारखी, डावलल्या गेलेल्या बाईची वाटते, पण ती मुळीच गावाकडची भाबडी नाही. ती गटातली सगळ्यात पक्की नर्तकी आहे, आणि लाउरा देल सोलच्या नवख्या कार्मेनला तयार करायचं काम तिच्याच गळ्यात येतं. कला विरुद्ध भूमिकेला शोभणं, असा हा झगडा आहे. रंगमंचावरच्या 'कार्मेन'मध्ये गादेससमोर ओयोसच कार्मेन नाचली, हे माहीत असलं की चित्रपटातली तिची नजर आणखी बोचते.

तंबाखूच्या कारखान्याचा प्रसंग घ्या, कारण तुमच्या कामाला तोच सगळ्यात जवळचा. ऑपेरात बायकांचं भांडण रंगमंचाबाहेर होतं. कोरस धावत येऊन सांगतो, कुणी सुरुवात केली, कुणी काय म्हटलं. गाण्याला असा वृत्तांत देता येतो. नृत्याला देता येत नाही, त्याला समोर घडवावंच लागतं. म्हणून चित्रपटात बायका टेबलांशी बसल्यात, ताल टेबलावरच धरलाय, आणि मग दोन फळ्या एकमेकींवर चालून जातात. वाद्यवृंद नाही. बिझे या प्रसंगात जवळजवळ गैरहजर आहे, तरी ऑपेराचा पहिला अंक पूर्ण सांगून होतो. तुमच्याकडे आठच नर्तक आहेत; चार-चार करा. टेबलं भरीव लाकडाची घ्या, पोकळ असली तर सगळा आवाज ढोलासारखा घुमतो. बोटांच्या सांध्यांनी टणक ठोका मिळतो, तळव्याने बोदा. एका बाजूला वजनाचे ठोके, दुसरीला मधले. दोन्ही बाजू एकच वाजवू लागल्या की भांडण संपलं समजा.

चित्रीकरणाच्या दोन-तीन गोष्टी. २४ फ्रेमच्या गतीत एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. २२० च्या लयीत एक ठोका २७३ मिलिसेकंदांचा, आणि ताकोनेओ, म्हणजे टाचा-पंजांचं काम, एका ठोक्यात दोन आघात घेत असेल तर आघातांमधलं अंतर १३६. आवाज तीन फ्रेम सरकला की जवळजवळ एक अख्खा आघात पुढेमागे. बोलण्याच्या दृश्यात एवढं सरकलेलं एखाद्याच्या लक्षातही येत नाही. इथे पाय खोटे दिसतात.

तोड कुठे द्यायची? १० वर देऊ नका. १० म्हणजे पाय पडण्याची जागा, तो पडताना दिसला पाहिजे, आणि शक्यतो डोकं आणि पाय एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. १० पडू द्या, ११ रिकामी जाऊ द्या, १२ च्या आत कापा. त्या लयीत १० पासून १२ पर्यंत तेरा फ्रेम मिळतात, पुष्कळ झाल्या. नवखा संपादक ठोक्यावर कापतो कारण संगीताच्या व्हिडिओत तसं करतात, आणि प्रत्येक वाक्य मिटायच्या आधी तोडून टाकतो.

आरसे वापरणार असाल तर कॅमेरा आरशाला समोरासमोर ठेवू नका, तिरपा ठेवा, आणि नर्तक हलल्यावर आरशात काय येतं ते रिकाम्या तालमीत एकदा पाहून घ्या. साउराच्या चित्रपटात आरसा नुसता शोभेचा नाही. गादेस जिला पाहतोय ती कार्मेन की त्याने वाचलेली कार्मेन, हा गोंधळ तिथेच उभा राहतो. मेरिमेच्या कथेतही तिची गोष्ट पुरुषच सांगतात. तिच्या बाजूने कुणी बोलत नाही. आरशाने ते न बोलता दाखवलंय.

टाचठोका

जमीन. कुणीच बोललं नाही म्हणून.

फरशीवर किंवा सिमेंटवर ताकोनेओ करू नका. आवाज मरतो आणि गुडघे जातात. १८ मिमी प्लायवूड, खाली साधारण ४० मिमीच्या पट्ट्या, फूट-सव्वाफुटाच्या अंतराने. आठ बाय चारच्या सहा पत्र्यांत जवळजवळ अठरा चौरस मीटर होतात. आठजणांना जागच्या जागी नाचायला पुरे, आडवं धावायला नाही. स्क्रूची डोकी खोल बसवा. बुटांच्या टाचेला आणि पंजाला बारीक खिळे असतात, एका आठवड्यात वरचा थर सोलून निघतो, म्हणून वर एक स्वस्त हार्डबोर्ड टाका आणि चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी बदला. सगळे पत्रे सारखे वाजतात का तेही तपासा. एक कोपरा बोदा निघतोच. तिथे कुणालाही एकट्याने नाचवू नका.

आठजणांचा ताकोनेओ एकत्र मुद्रित केला तर पाऊस पडल्यासारखा येतो. कितीही घोटला तरी आठ टाचा अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, आणि जवळचा माइक ते सगळं मोठं करून दाखवतो. सगळ्यात स्वच्छ दोघांच्या फळीखाली माइक लावा, बाकी सहांचा आवाज लांबून घ्या आणि खाली ठेवा. डोळा आठ पाहतो, कानाला दोघं पुरतात.

पाल्मासचे दोन प्रकार आहेत आणि ते उलटसुलट झाले की सगळंच बिघडतं. गाणं चालू असताना सोर्दास: दोन्ही तळवे खोलगट करून, दबका आवाज. पायांचं काम सुरू झालं की क्लारास: बोटं दुसऱ्या तळव्यावर, करकरीत. तुमच्याकडे टाळीवाले दोघेच, तर एकाने वजन धरायचं आणि दुसऱ्याने मधल्या जागा. दोघांनी मधल्या जागा घेतल्या तर ऐकायला झकास, नाचणारे मात्र हरवलेले.

नर्तकांची नेहमीची चूक: चाल ऐकून नाचतात. ऑपेरा आधीपासून तोंडपाठ असला तर हमखास. चाल वाढली की हे वाढतात, चाल थांबली की थांबतात, आणि कोम्पास बाजूला पडतो. उपाय एकच, पूर्ण नाच आधी फक्त टाळ्यांवर उभा करा, गिटारसुद्धा नको. ल्यामादा, म्हणजे 'आता बदलतोय' असा गिटारला आणि गायिकेला दिलेला पायाचा इशारा, कुठे आहे हे टाळीवाल्यांना न सांगता ओळखता आलं पाहिजे. त्यांना ओळखता आलं नाही तर तो दिला गेलेलाच नाही.

एकट्या पुरुषाचा नाच ठेवणार असाल तर फारुका. चाराची, मायनरमधली, कोरडी. हात शरीराजवळ, वळणं कमी. गादेसची ती खासियत. बाराच्या गर्दीत मध्येच चार आले की कानालाही श्वास मिळतो.

कोरा_रंगमंच

कागदावर गोल करायची युक्ती लगेच घेतली. तीन पोटप्रश्न. ऑपेराच्या ध्वनिमुद्रणावरच ताकोनेओ केला तर? वाद्यवृंद आणि टाचा एकदम ऐकायला भव्य वाटेल असं काहींचं म्हणणं. कास्टानेट द्यावेत का? आणि ऑपेरा एवढा जुना, म्हणजे हक्कांची भानगड नाही ना?

टाचठोका

ध्वनिमुद्रणावर ताकोनेओ नको. वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण श्वास घेतं. गायकासाठी संचालक ओळीच्या शेवटी थांबतो, पुढची जरा लवकर उचलतो. ऐकताना ते कळतही नाही, टाच लावली की लगेच कळतं, आणि चूक नर्तकाची दिसते. ध्वनिमुद्रण चालू असताना हात, चाल, वळणं, नुसतं उभं राहणं एवढंच ठेवा. ब्रासेओला, म्हणजे हातांच्या कामाला, असा सैल काळ उलट मानवतो. ठोके हवेत तिथे टेप बंद करून गिटार. चित्रपटातही टेप आणि गिटार एकमेकांच्या जागा घेत राहतात, आणि तो सांधा लपवलेला नाही. तुम्हीही लपवू नका.

कास्टानेट: फ्लामेंकोत त्यांचा वापर मर्यादित आहे, त्या मुख्यतः एस्कुएला बोलेरा, म्हणजे स्पेनचं शास्त्रीय नृत्य, आणि प्रादेशिक नाचांतल्या. हातात अडकवल्या की बोटांचं फुलणं संपलं, आणि तुमच्या गायिकेच्या ओळी त्या खडखडाटाखाली जाणार. एकाच ठिकाणी शोभतील: ऑपेराच्या दुसऱ्या अंकात कार्मेन होसेसाठी एकटी नाचते आणि बाहेरून बिगुल त्याला छावणीत परत बोलावतो. मेरिमेच्या कथेत तर ती बशी फोडून तिच्या तुकड्यांचा ताल धरते. बशी फोडायची असेल तर खरे तुकडे वापरू नका, तळहात कापतात. आवाज वेगळा भरा.

जुनी_तबकडी

थोडक्यात, आणि दोन दुरुस्त्या.

हक्क: बिझे १८७५मध्येच गेला, पहिल्या प्रयोगानंतर तीन महिन्यांनी. मेयाक १८९७, आलेवी १९०८. संगीत आणि शब्द मोकळे. ध्वनिमुद्रण मात्र नाही; त्याचा हक्क वेगळा, आणि चित्राला जोडायची परवानगी त्याहून वेगळी. साउराच्या चित्रपटात रेजिना रेस्निक आणि मारियो देल मोनाको यांचं, थॉमस शिपर्सच्या संचालनाखालचं ध्वनिमुद्रण आहे. ते उचलून वापरता येणार नाही. नव्याने संपादित केलेल्या स्वरलिपीवरही हक्क असू शकतो, जुनीच घ्या. स्वस्त वाट अशी: पियानोची जुनी प्रत स्वतः वाजवून गाऊन मुद्रित करा, मग ते छोट्या स्पीकरमधून तालमीच्या खोलीत लावून पुन्हा मुद्रित करा. खोलीतल्या टेपचा आवाज आपोआप येतो.

पहिली दुरुस्ती, नावाची. ऑपेरातली सेगिदिया आणि फ्लामेंकोतली सिगिरिया या वेगळ्या गोष्टी. गिटारवाल्याला घाईत 'सिगिरिया' म्हणालात तर तो फ्लामेंकोतला सगळ्यात गंभीर, शोकाचा प्रकार सुरू करेल. गंमत म्हणजे तिचंही आवर्तन बाराचंच. बारा_मात्रा यांची वरची ओळ ८ पासून मोजायला घ्या, २-२-३-३-२ मिळेल, तीच सिगिरिया. सेविल्यानास हा नाच आणखी तिसरा. तो मात्र जुन्या सेगिदियाच्याच कुळातला.

दुसरी. हाबानेरा ही बिझेची सगळ्यात स्पॅनिश चाल नव्हे. ती मुळात बिझेची नव्हेच. सेबास्तियान इरादिएरच्या 'एल आरेग्लितो' या गाण्यावरून घेतलेली आहे. बिझेला ते लोकगीत वाटलं होतं. आणि हाबानेरा म्हणजे हवानाची, नावातच क्युबा आहे. बिझे स्पेनला कधी गेलाही नव्हता, त्यामुळे त्याचा स्पेन असा हाताला लागेल तसा जमवलेला. स्पॅनिश मुळाचं हवं असेल तर चौथ्या अंकाआधीचा वाद्यप्रवेश घ्या. तो संगीतकार मानुएल गार्सियाच्या एका पोलोवर, म्हणजे स्पॅनिश गीतप्रकारावर, बेतलेला आहे. ३/८, डी मायनर.

बारा_मात्रा

हे मलाच सुचायला हवं होतं. डी मायनर, सी, बी-फ्लॅट, ए: कापोसुद्धा लागत नाही, बुलेरीआ जिथून एरवी वाजते तोच ए चा आकार. चाल खाली येते तीही ए कडे, म्हणजे उंबऱ्याकडे, आणि तुकडा तिथेच विरतो. घर कुठलं हा वादच उरत नाही. गायिका नाही, म्हणजे शब्दांची ओढाताण नाही. ९ वरचा सूर इथेही छळेल, पण वाद्यावर तो गाळला तर कुणाची ओळ तुटत नाही. सुरुवात याने करा आणि सेगिदिया मध्यावर आणा; तोवर बघणाऱ्याच्या कानात बारा बसलेले असतील.

हाबानेरा ठेवायचीच असेल तर टेपवर तशीच वाजू द्या. तिच्यावर कुणी नाचू नका, फक्त नर्तक बूट घालताहेत, केस बांधताहेत. ती सगळ्यांना माहीत आहे ना, मग तिला तेवढंच काम पुरे.

कोरा_रंगमंच

आणि शेवट? खून दाखवायचा तर कसा? ऑपेरातल्यासारखा की चित्रपटातल्यासारखा?

पडदा_आणि_पाऊल

दोन्हींत युक्ती एकच आहे. ऑपेरात होसे तिला बैलझुंजीच्या रिंगणाबाहेर मारतो आणि आतून तोरेआदोरचा, म्हणजे झुंज खेळणाऱ्याचा, जयघोष ऐकू येत राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांचा आनंद चालूच. चित्रपटात ते वेगळ्या रीतीने येतं. कॅमेरा त्या दोघांवरून सरकतो आणि गटातली बाकीची माणसं निवांत बसलेली, गप्पा मारताना दिसतात. तालमीतलं मरण की खरं, कुणी उठून पाहत नाही, म्हणून आपल्यालाही ठरवता येत नाही. साउराने बिझेच्या कोरसची बेफिकिरी ठेवली. तुम्हाला घ्यायची तर तीच घ्या. सुरी कुठल्या बाजूने आत गेली हे जवळून दाखवलंत की प्रेक्षक फक्त युक्ती कशी केली ते शोधत बसतो.

तुमच्याकडे टाळीवाले दोघे आहेत, त्यांना वापरा. शेवटच्या प्रसंगात गिटार आणि पाय बंद, फक्त सोर्दास, कॅमेरा त्यांच्याकडे सरकतोय, आणि मागचे होसे-कार्मेन चौकटीबाहेर जाताहेत. लय धरलेली, चेहरे कोरे. शेवटच्या आवर्तनात १२, ३, ६, ८ नेहमीसारखे द्यायचे. १० द्यायचा नाही. हात ९ वर उघडलेले असताना कापा.

बारा_मात्रा

आणि टेप चालू ठेवणार असाल तर ती अशी लावा की बिझेचं चौथं माप त्याच ९ वर पडेल.